येसनाकाचं ढेकूळ

फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका, कारण सांगणारे दर खेपेला ती दोन पिढ्या मागे ढकलतात. एवढं धरून चला की निवघ्याच्या गढीचे चारही बुरूज तेव्हा धड उभे होते, दिवस मावळला की वेशीचा दरवाजा खरोखरच लागायचा, आणि वेशीपुढची ती म्हातारी चिंच अंगणातल्या तुळशीएवढी होती.

आता निवघ्यात पाहुणे येतात, गढी बघतात, बारवेच्या पायऱ्या उतरतात, वेशीवरचे दगडी हत्ती बघून वा वा करतात. गाव देखणं आहेच, नाही कोण म्हणतो? पण शिवेवरच्या उभ्या धोंड्यापाशी पाहुणा थांबला आणि हे काय म्हणून विचारू लागला, की बरोबरचा निवघेकर एकदम आभाळाकडे बघायला लागतो. ती गोष्ट तो सांगतो, नाही असं नाही. पण सांगताना त्याचा आवाज खाली येतो. तीच आता ऐका.

त्या काळी निवघ्याचा वेसकर होता येसनाक. वेसकर म्हणजे वेशीचा राखणदार. दरवाजा उघडायचा, लावायचा, आल्यागेल्याची खबर पाटलाला द्यायची आणि गावाची शीव सांभाळायची, ही त्याची कामं. घर मात्र वेशीबाहेर, गावकुसाला लागून असलेल्या वस्तीत. अख्खं गाव ज्याच्या भरवशावर झोपायचं, त्याला झोपायला गावात जागा नव्हती. तेव्हा हे कोणाला वावगं वाटत नव्हतं. निवघ्याच्या लाजेची गोष्ट सुरू करायची तर इथूनच करावी लागेल.

पण शिवेच्या बाबतीत येसनाकाच्या शब्दापुढे कोणाचा शब्द नव्हता. दोन गावांत शिवेवरून तंटा झाला, की वेसकराने शिवेवरच्या मातीचं ढेकूळ डोक्यावर घ्यायचं, भूमीची शपथ वाहायची आणि चालायला लागायचं. तो जिथून चालेल ती शीव. चाल संपली की त्याच्या गावच्या पाटलाने आपल्या हाताने ते ढेकूळ उतरवून घ्यायचं, म्हणजे त्याची शपथ ती गावाची शपथ झाली. पुढची अमावास्या उलटेपर्यंत चालणाऱ्याच्या घरात काही वाईट घडलं नाही, तर चाल खरी. मग कोणी ब्र काढायचा नाही. येसनाक ज्वान होता तेव्हापासून अशा चाली चालत आला होता. असं म्हणतात, त्याच्या डोक्यावरच्या ढेकळाचा कण कधी खांद्यावर सांडला नाही.

निवघ्याच्या शेजारचं गाव उंबरठाण. दोन्ही गावांच्या मध्ये टेकडीच्या पायथ्याला आसरांचा, म्हणजे पाण्यातल्या देवतांचा, झरा. दगडी गोमुखातून पाणी वरच्या कुंडात पडायचं आणि तिथून खालच्या कुंडात. झरा उंबरठाणचा. शिवेचा धोंडा झऱ्याच्या अलीकडे, ओढ्याकाठी, हिवराच्या झाडाला लागून होता. वर चंद्रसूर्य कोरलेला तो धोंडा गुरं राखणाऱ्या पोरासोरांनाही माहीत होता. एका पुरात ओढ्याचा काठ खचला आणि धोंडा मातीत गडप झाला. कोणी तो उकरून काढला नाही. गरज काय? शीव कुठे आहे ते सगळ्यांना ठाऊक होतंच.

मग पाऊस रुसला. एक वर्ष रुसला, दुसऱ्या वर्षी तोंड दाखवून गेला, तिसऱ्या वर्षी तेवढंही नाही. निवघ्याच्या बारवेचा तळ जुन्या माणसांनीही पाहिला नव्हता, तो उघडा पडला. उंबरठाणचा झरा मात्र वाहतच होता. करंगळीएवढा का होईना, वाहत होता.

एके दिवशी सुभानजी पाटलाने येसनाकाला गढीच्या पायरीशी बोलावलं. सुभानजी दुष्ट माणूस नव्हता, हेही सांगितलं पाहिजे. दुष्ट असता तर ही गोष्ट सांगायला किती सोपी गेली असती! लेकराबाळांची तोंडं बघून त्याचाही जीव तुटत होता.

“येसनाका,” तो म्हणाला, “धोंडा तर बुडाला. शीव कुठं हाय ते आता तुझ्या पायालाच ठावं.”

“जी, हिवराला लागून हाय. झऱ्याच्या अलीकडं.”

“अलीकडं हुती. गाव मरायला लागल्यावर जरा पलीकडं सरली, तर काय आभाळ कोसळतंय?”

पाटलाने मग आवाज उतरवला.

“झरा आपला झाला की खालचं कुंड तुमच्या वस्तीला. आपल्या हातानं भरायचं. कुनाच्या तोंडाकडं बघायचं न्हाई.”

आता हे समजून घ्या. निवघ्यात वस्तीतल्या बायका बारवेच्या पायऱ्या उतरत नसत. वर कठड्याशी रिकाम्या घागरी मांडून बसायचं, आणि कोणाला दया आली तर तिने वरून पाणी ओतायचं. येसनाकाची बायको भिवरा सकाळी जाऊन बसायची आणि कधी कधी दुपार कलल्यावर तशीच परत यायची. उंबरठाणात मात्र खालच्या कुंडात तिथल्या वस्तीचा हात चालायचा. येसनाकाची लेक पुतळा उंबरठाणात दिलेली होती. लग्नानंतर पहिल्यांदा तिच्याकडे गेला, तेव्हा त्याने तिला कुंडात वाकून, आपल्या हाताने घागर बुडवताना पाहिलं. तो इतका वेळ बघत उभा राहिला की व्याही विचारू लागला, पाहुणं, बरं वाटंना का?

त्या घागरीने येसनाकाला पाडलं. तो पाटलाला म्हणाला, “चालतो जी.”

चालीच्या दिवशी दोन्ही गावं जमली. उंबरठाणचा म्हातारा पाटील काठी टेकत आला. त्याने ना साक्षीदार आणले, ना हुज्जत घातली. “येसनाक चालतोय न्हवं?” तो म्हणाला. “मग आमाला कबूल हाय.” एवढंच म्हणून तो दगडावर बसला.

येसनाकाने ढेकूळ डोक्यावर घेतलं आणि दचकला. असं म्हणतात, ते ढेकूळ कापसासारखं हलकं झालं होतं. शपथ वाहून तो निघाला. हिवराच्या झाडाशी त्याची पावलं वळायला हवी होती. तिथे तो किंचित अडखळला आणि त्याने आपल्या गावाकडे पाहिलं. गावातल्या प्रत्येक माणसाला ठाऊक होतं की इथे वळायचं. कोणी धोतराचा सोगा झटकू लागलं, कोणी बैलाची वेसण उगाच सैल करू लागलं. एक माणूस खाकरला असता तरी येसनाक वळला असता. कोणी खाकरलं नाही. तो सरळ गेला, झऱ्याला वळसा घालून पलीकडे निघाला आणि टेकडीच्या उतारावर जाऊन थांबला. सुभानजीने दोन्ही हातांनी ढेकूळ उतरवलं. हलगी कडाडली.

त्या दिवसापासून येसनाक वाईटाची वाट बघत बसला. खोट्या शपथेने घर बसतं, हे त्याला लहानपणापासून ऐकून माहीत होतं. भिवरा शिंकली तरी तो उठून तिच्या कपाळाला हात लावून बघायचा. पण भिवराला काही झालं नाही. उलट शेळीला जुळी करडं झाली. कुडाच्या घरावरचं साधं गवतही वाऱ्याने उडालं नाही. भूमी गप्प राहिली, आणि तिचं गप्प राहणं त्याला सोसेना. काहीतरी होऊ दे, असं तो मनात म्हणू लागला. झालं असतं तर फिटलं तरी असतं.

वस्तीत मात्र सण होता. पाटलाने शब्द पाळला होता. बायका खालच्या कुंडावर जाऊन हात घालून पाणी भरायच्या. म्हाताऱ्या तर नुसत्या मनगटापर्यंत हात बुडवून बसायच्या. पहिली घागर त्यांनी वाजतगाजत येसनाकाच्या दारात आणली आणि त्याच्या पायावर पाणी घातलं. त्याने पाय मागे घेतले. भिवराने तांब्या भरून दिला, तर त्याने तो तसाच खाली ठेवला. तो म्हणाला, मला पोटात दुखतंय. पुढे तो ते पाणी प्यायलाच नाही. ओढ्याच्या कोरड्या पात्रात हाताने वाळू उकरायचा आणि जे गढूळ झिरपेल ते कपड्यातून गाळून प्यायचा. भिवरा रागावली, मग घाबरली. त्याने तिला कारण सांगितलं नाही. तिच्या तोंडावर इतक्या वर्षांनी आलेलं हसू पुसायचं कसं, हेच त्याला कळत नव्हतं.

गावाने त्याला झऱ्यावर राखणीला बसवलं. उंबरठाणच्या माणसाला पाणी भरू द्यायचं नाही. खरं तर राखणीची गरजच नव्हती, कारण उंबरठाणचं कोणी फिरकलंच नाही. त्यांच्या बायका आता टेकडी ओलांडून लांबच्या नदीवर जात होत्या.

एका दुपारी पुतळा आली. कडेवर मूल, डोक्यावर घागर. मुलाचे ओठ उललेले होते. ती नव्या शिवेवर येऊन थांबली, तिथेच वाकून तिने नमस्कार केला आणि एक पाऊल आत टाकलं नाही.

“बा, तुला सांगायला आले,” ती म्हणाली. “अमावास्या उलटली की आमचं समदं गाव येनार हाय. आसरांची वटी भरायला आन निवघ्याच्या पाया पडायला. इतकी वर्सं आमी तुमचं पानी चोरून प्यालो. तू चाललास म्हनून कळलं तरी.”

येसनाकाने मुलाच्या ओठांकडे पाहिलं. तो म्हणाला, “पुतळे, घागर भर. लेकराला पाज. कुनी बघत न्हाई.”

पुतळा हसली. तिला वाटलं, बा आपली परीक्षा बघतोय.

“शिवेवर उबा राहून मला चोरी शिकवतोस व्हय? सासरी समदे म्हनतात, पुतळाचा बा चालला म्हंजी खोट न्हाई. मी काय तुझं नाव घालवू?”

असं म्हणून तिने पदराने मुलाचं तोंड पुसलं आणि रिकामी घागर घेऊन ती टेकडीला लागली. भूमीने येसनाकाच्या घरातलं काही नेलं नव्हतं. लेकीने आपल्या खऱ्या मनाने त्याच्या तोंडाला काळं फासलं होतं, आणि तिला ते माहीतही नव्हतं. असं म्हणतात, तो रडला आणि ते पाणी जिथे सांडलं तिथे आजही गवत खारट असतं, गुरं त्याला तोंड लावत नाहीत.

अमावास्या उलटली. सकाळी उंबरठाण झऱ्यावर आलं. बाया, बाप्ये, पोरं, सगळी अनवाणी. म्हाताऱ्या पाटलाने पागोटं काढून हातात घेतलं होतं आणि त्यात नारळ ठेवला होता. समोर सुभानजी, नवा शेला घेतलेला. मागे निवघ्याचं सगळं गाव, आणि त्याच्याही मागे वस्ती. भिवरा भरलेली घागर कडेवर घेऊन उभी होती. म्हातारा सुभानजीपुढे वाकायला लागला, आणि तेवढ्यात येसनाकाने खाली वाकून जमिनीतून एक ढेकूळ उचललं.

“थांबा जी. शिवेची चाल ऱ्हायलीया.”

सुभानजीचा चेहरा उतरला. तो ओठातल्या ओठात म्हणाला, “येसनाका, कुंडाचा इचार कर.”

“त्योच करून चाललो हुतो पयल्या डावाला,” येसनाक म्हणाला.

त्याने एकदा भिवराकडे पाहिलं, एकदा वस्तीकडे. मग ढेकूळ डोक्यावर ठेवलं आणि निघाला. असं म्हणतात, या खेपेला ते ढेकूळ पावलागणिक जड होत गेलं. माती त्याच्या कपाळावरून, डोळ्यांवरून ओघळत होती. टणक भुईत त्याची पावलं घोट्यापर्यंत रुतत होती, आणि ती पावलं अजून तिथे आहेत, पावसाळ्यात त्यांत बेडूक राहतात. तो झऱ्याच्या अलीकडे आला, हिवराशी वळला आणि ओढ्याच्या काठावर जाऊन उभा राहिला. त्याबरोबर त्याच्या पायापुढची माती फुगली, फाटली, आणि पुरात बुडालेला धोंडा चंद्रसूर्यासकट वर आला. दोन्ही गावांनी तो पाहिला.

“शीव हितं हाय,” येसनाक म्हणाला. “मी खोटा चाललो हुतो. पाटील, ढेकूळ उतरवा.”

सुभानजी हलला नाही. ढेकूळ उतरवायचं म्हणजे ही चाल खरी मानायची, आणि ही खरी तर पहिली जाणूनबुजून खोटी उतरवून घेतली होती हे कबूल करायचं. पाटलाने मागे गावाकडे पाहिलं. गावाने एकमेकांकडे पाहिलं. मग सगळ्यांनी खाली पाहिलं. जो पुढे होईल तो म्हणजे आधीपासून जाणणारा. आणि जाणत तर सगळेच होते.

पुतळा मूल खाली ठेवून धावली. म्हाताऱ्या पाटलाने तिला हाताने अडवलं. “पोरी, ते निवघ्याचं ढेकूळ हाय. निवघ्यानंच उतरवाय पायजे.” त्याने स्वतः पागोटं पुन्हा डोक्याला बांधलं नाही. आता कोणी कोणापुढे वाकायचं ते उलटं झालं होतं, तरी तो तसाच उघड्या डोक्याने उभा राहिला. निवघ्याची लाज त्या परक्या म्हाताऱ्याला वाटत होती.

ऊन चढलं. आधी सुभानजी निघून गेला. त्याच्या मागोमाग एकेक माणूस काही तरी काम आठवल्यासारखा सटकू लागला. वस्ती तेवढी उरली. भिवरा बराच वेळ नवऱ्याकडे बघत होती. मग ती खालच्या कुंडाशी गेली, कडेवरची घागर तिने कुंडात ओतली आणि कोरडी घागर घेऊन परत आली. बाकीच्या बायकांनी एकीमागून एक तेच केलं. कोणी येसनाकाला शिव्या दिल्या नाहीत. त्याला मात्र शिव्याच हव्या होत्या.

तो उभाच राहिला. पुढे काय झालं याची दोन सांगणी आहेत. कोणी म्हणतात, दिवस मावळता मावळता डोक्यावरच्या ओझ्याने तो हळूहळू भुईत उतरत गेला. गुडघ्याइतका, कमरेइतका, आणि शेवटी धोंड्यापाशी नुसतं ढेकूळ उरलं. कोणी म्हणतात, उंबरठाणच्या माणसांनी त्याला धरून नेलं आणि तो लेकीच्या दारात निजला तो उठलाच नाही. पुतळाला कोणी विचारलं तर ती सांगायची नाही. ढेकूळ मात्र धोंड्याशी होतं, हे दोन्ही सांगण्यांत आहे.

दुसऱ्या दिवशी उंबरठाणहून निरोप आला, झरा आमचा आहे, तहान सगळ्यांची आहे, येऊन भरा. निवघ्याने ते पाणी आणलं. न आणून करतं काय? पण असं म्हणतात, निवघ्याच्या प्रत्येक घागरीच्या तळाला बोटभर माती साचायची. दहा वेळा गाळा, अकराव्यांदा साचायची. पाऊस पडला, बारव भरली, तरी त्या पाण्यालाही माती. गाव वर्षानुवर्षं दातांखाली कचकच चावत जेवलं आणि त्याबद्दल कोणी कोणाशी चकार शब्द बोललं नाही.

सुभानजी म्हातारा झाला. एका सकाळी त्याने येसनाक चालला त्याच शिवेवरचं एक ढेकूळ उचललं, डोक्यावर घेतलं आणि तो धोंड्यापाशी जाऊन उभा राहिला. त्याला वाटलं, गाव येईल. गाव वेशीतून डोकावून बघत राहिलं. ऊन चढत गेलं. शेवटी वस्तीतून म्हातारी भिवरा आली. पाटलाच्या डोक्याला हात लावणं त्या काळी तिला सोपं नव्हतं. सावली पडली तरी बोभाटा करणारे लोक ते. ती समोर येऊन उभी राहिली.

“काय ते बोला, पाटील. मग उतरवते.”

सुभानजीने वेशीतून डोकावणाऱ्या गावाकडे एकदा पाहिलं.

“आमाला ठावं हुतं,” तो म्हणाला.

भिवराने दोन्ही हातांनी ढेकूळ उतरवलं आणि नवऱ्याच्या ढेकळाशेजारी ठेवलं. त्या दिवशी पाटलाच्या घरची घागर नितळ निघाली. फक्त पाटलाच्या घरची. मग दुसऱ्या दिवशी आणखी एकजण ढेकूळ घेऊन गेला, तिसऱ्या दिवशी चारजण. धोंड्याशी आज जो उंचवटा दिसतो तो त्या ढेकळांचा आहे. वस्तीतल्या बायकांसाठी बारवेच्या पायऱ्याही त्याच वर्षी मोकळ्या झाल्या, असं म्हणतात. त्याच वर्षी का, आणि आधी का नाही, ते मात्र कोणी म्हणत नाही.

अजूनही निवघ्यात ती अमावास्या उलटली की घरटी एक माणूस टोपी-पागोटं काढून शिवेवर जातो, ढेकूळ डोक्यावर घेतो आणि येसनाकबाबाच्या वाटेने चालतो. सरपंच असो, शहरात मोठा झालेला मुलगा असो, त्या दिवशी सगळे अनवाणी. तिथून पुढे उंबरठाणला जाऊन, विचारून, घोटभर पाणी प्यायचं असतं. पण त्याआधी धोंड्यापाशी रांगेत उभं राहायचं आणि समोर येणाऱ्या बाईच्या डोळ्यांत बघून म्हणायचं, आमाला ठावं हुतं. ढेकूळ आपल्या हाताने उतरवायचं नाही, ते वस्तीतल्या बायकांनीच उतरवायचं. बायका सावकाश येतात. कधी कधी मुद्दाम उशीर करतात, गप्पा मारत बसतात, एखादी पुन्हा घरी जाऊन येते. ऊन डोक्यावर येतं, माती घामात कालवून डोळ्यांत उतरते. रांगेतलं कोणी हूं की चूं करत नाही.